चूक कोणाचीच नाही, मग भरपाई कोण देणार?

18 सप्टेंबर 2021 रोजी पंतप्रधानांनी गोव्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांशी आणि लस घेतलेल्या काही नागरिकांशी दूरचित्रसंवाद साधला. राज्यातल्या सगळ्या पात्र प्रौढांना पहिली मात्रा मिळाल्याचं निमित्त होतं. कौतुक रास्तच होतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, भल्या पहाटे ऑक्सिजन कमी पडून माणसं दगावत होती. तिथून चार महिन्यांत पेडण्यापासून काणकोणच्या डोंगरवाड्यांपर्यंत लस पोचली, हे काम सोपं नव्हतं. आदल्या दिवशी देशभरात अडीच कोटी मात्रा दिल्या गेल्या होत्या. लस घेतल्यावर ताप येतो हे ऐकून होतो, पण लस अडीच कोटींनी घेतली आणि ताप मात्र एका राजकीय पक्षाला आला, अशा अर्थाचा चिमटा पंतप्रधानांनी त्या गप्पांत काढला.

राजकारणात असे चिमटे चालायचेच. पण लशीच्या दुष्परिणामांबद्दल आपण बोलतो ते बहुतेकदा दोनच सुरांत. एक तर थट्टेवारी न्यायचं, नाही तर दहशत पसरवायची. तिसरा सूर आहे हिशेबाचा: कोट्यवधींना लस दिली की मोजक्यांना गंभीर इजा होणार, हे आधीच ठाऊक असतं, मग त्या मोजक्यांचं काय करायचं हे आधीच ठरलेलं का नाही? जगातल्या पंचवीसेक देशांनी ते ठरवलंय. जर्मनीनं 1961 मध्ये, फ्रान्सनं 1964 मध्ये, ब्रिटननं 1979 मध्ये, अमेरिकेनं 1986 मध्ये. जगातला सर्वांत मोठा लस उत्पादक असलेल्या आपल्या देशात, पोलिओपासून कोविडपर्यंत सगळ्या मोहिमा पार पडल्या तरी, असा कायदा झाला नाही. तो व्हायला हवा, त्यात कोणाची चूक सिद्ध करण्याची अट नसावी, आणि दिल्लीची वाट न पाहता गोव्यानं आपल्यापुरती सुरुवात करावी, असं माझं म्हणणं आहे. मी लशीच्या बाजूचा माणूस आहे, आणि म्हणूनच हे म्हणतो.

2021 मध्ये दोन तरुण मुलींच्या पालकांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. कोविशील्ड घेतल्यानंतर काही दिवसांत मुली गेल्या, असं त्यांचं म्हणणं. मृत्यूंची स्वतंत्र चौकशी, भरपाई आणि असे दुष्परिणाम वेळीच ओळखून उपचार करण्याची ठरलेली पद्धत अशा त्यांच्या मागण्या होत्या. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्रानं प्रतिज्ञापत्र दाखल केलं. लशी इतरांनी बनवलेल्या आहेत, त्यांना रीतसर मान्यता मिळालेली आहे, लस घेणं ऐच्छिक होतं, सगळी माहिती लोकांना उपलब्ध होती. त्यामुळे दुर्मीळ मृत्यूंसाठी सरकारला थेट जबाबदार धरता येणार नाही, ज्यांना भरपाई हवी त्यांनी दिवाणी न्यायालयात जावं, असा त्याचा आशय होता.

दिवाणी न्यायालयात जा. ऐकायला बरं वाटतं. सांग्याच्या एखाद्या कुटुंबाला ते काय पडेल, हे पाहू. भरपाईची जितकी रक्कम मागाल त्या प्रमाणात कोर्ट फी भरायची. वकील बघायचा. मेंदूतल्या रक्तगुठळ्यांवर साक्ष देईल असा तज्ज्ञ शोधायचा. तो सरकारी इस्पितळात नोकरीला असला तर सरकारविरुद्ध उभा राहणार नाही, खासगीत असला तर त्याचा वेळ परवडणार नाही. शवविच्छेदन झालेलं नसलं तर तिथंच दावा लंगडा पडतो. एवढं सगळं जमवलं तरी शेवटी सिद्ध काय करायचं, तर कोणीतरी निष्काळजीपणा केला. आणि तो कोणीच केलेला नसतो. आरोग्यसेविकेनं बरोबर जागी, बरोबर मात्रा टोचली. बाटली थंड पेटीतूनच आली. कंपनीची बॅच तपासणीत उत्तीर्ण झाली. मान्यता देणाऱ्या समितीनं समोरच्या माहितीवर योग्य निर्णय घेतला. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि तरीही एक बाई अर्ध्या अंगानं लुळी. निष्काळजीपणावर उभ्या असलेल्या कायद्याकडे या बाईसाठी उत्तरच नाही.

ग्राहक न्यायालयाची वाट तरी मोकळी आहे का? 1995 च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली खरी, पण जिथं सगळ्यांनाच फुकट सेवा मिळते अशी सरकारी इस्पितळं त्यातून वगळली. म्हणजे पणजीच्या खासगी इस्पितळात 780 रुपये मोजून कोविशील्ड घेतलेला माणूस ग्राहक ठरू शकतो. त्याच दिवशी वाळपईच्या सरकारी इस्पितळात तीच लस फुकट घेतलेली बाई ग्राहक ठरत नाही. 2019 च्या नव्या ग्राहक कायद्यात उत्पादनातल्या दोषाची जबाबदारी घातली आहे, पण तिथं आधी दोष दाखवावा लागतो. दुर्मीळ दुष्परिणाम हा बहुतेक वेळा उत्पादनातला दोष नसतोच. दहा लाखांत एखाद्याच्या शरीरात काहीतरी वेगळं घडतं आणि तेच औषध उरलेल्यांना तारून नेतं.

हा पेच अमेरिकेत सत्तर वर्षांपूर्वी येऊन गेला. 1955 मध्ये कटर कंपनीच्या पोलिओ लशीच्या काही बॅचमध्ये जिवंत विषाणू राहून गेला. मुलं लुळी पडली, दहा जण दगावले. 1958 मध्ये ज्युरीनं विचित्र वाटणारा निकाल दिला: कंपनीनं निष्काळजीपणा केलेला नाही, तरीही भरपाई द्यावी. न्यायबुद्धीला ते पटत होतं, पण त्यातून पुढे असे खटले उभे राहिले की 1980 च्या दशकात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस बनवणाऱ्या कंपन्या एकेक करून धंद्यातून बाहेर पडू लागल्या आणि लशीचा तुटवडा पडला. म्हणून 1986 चा कायदा आला. त्यात मांडलेली व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. प्रत्येक मात्रेवर, ती ज्या रोगापासून वाचवते त्या प्रत्येक रोगामागे 75 सेंट कर. त्यातून निधी. कोणत्या लशीनंतर, किती वेळाच्या आत, कोणती इजा झाली तर ती लशीमुळेच झाली असं धरून चालायचं, याचा एक तक्ता. तक्त्यात बसलात की सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर नाही. तक्त्यात न बसणाऱ्यालाही पुरावा देऊन मागता येतं. दावा प्रामाणिक असेल तर हरलात तरी वकिलाची फी निधीतून मिळते. अलीकडच्या वर्षांत तिथले बरेचसे दावे खांद्याच्या दुखापतीचे असतात, म्हणजे सुई जरा वर, चुकीच्या जागी टोचल्याचे. लशींच्या नावानं पसरणाऱ्या भयकथांच्या तुलनेत हे किती साधं!

आता 'ऐच्छिक होतं' या युक्तिवादाकडे. कागदावर ते खरं आहे. 2 मे 2022 रोजी जेकब पुलियेल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. पण 2021 चा पावसाळा आठवा. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गहून रोज कामाला गोव्यात येणाऱ्यांना पत्रादेवीच्या नाक्यावर एक तर ताजा निगेटिव्ह अहवाल दाखवायचा होता, नाही तर दोन मात्रांचं प्रमाणपत्र. दर काही दिवसांनी चाचणी कोणाच्या खिशाला परवडणार होती? हॉटेलवाल्यानं, कारखान्याच्या कंत्राटदारानं, पुढे कॅसिनोवाल्यानंही प्रमाणपत्र मागितलं. मला त्यात गैर वाटत नाही. साथ होती, एकमेकांना जपायचं होतं. पण समाजानं स्वतःच्या रक्षणासाठी एखाद्याला दंड पुढे करायला लावायचा आणि त्या दंडाला काही झालं की 'तुझी इच्छा होती' म्हणायचं, हे बरं नव्हे. लस घेणारा स्वतःला वाचवतो तसा शेजाऱ्यालाही वाचवतो. फायदा सगळ्या वाड्याचा असेल तर तोटाही सगळ्या वाड्यानं वाटून घ्यायला हवा.

चूक न दाखवता भरपाई देणं आपल्या कायद्याला अपरिचित आहे असंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 नुसार अपघाती मृत्यूला 5 लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये मिळतात, चालकाची चूक दाखवावी लागत नाही. तिकीट काढून बसलेला प्रवासी थिवीजवळ गाडीतून पडून गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण 8 लाख देतं, रेल्वेचा दोष असो वा नसो. सरकारी शिबिरातली नसबंदी फसली किंवा तिच्यात बाई गेली तर ठरलेली रक्कम मिळते; ती योजना सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशातून आली. आणि औषधांच्या चाचणीचे 2019 चे नियम तर अगदी इथल्याच गोष्टीबद्दल बोलतात. नव्या लशीच्या चाचणीत भाग घेतलेल्याला इजा झाली तर प्रायोजक कंपनीनं उपचारांचा खर्च करायचा आणि ठरलेल्या सूत्रानं भरपाई द्यायची. जानेवारी 2021 मध्ये कोव्हॅक्सिन 'चाचणीच्या स्वरूपात' दिली जात होती, तेव्हा घेणाऱ्याकडून सही करून घेतलेल्या संमतीपत्रावर कंपनी भरपाई देईल असं छापलेलं होतं; अट एवढीच की गंभीर घटना लशीमुळे घडल्याचं सिद्ध व्हायला हवं. त्याच आठवड्यात कोविशील्ड घेतलेल्याच्या हाती असा कागद नव्हता. दोन दंड, दोन लशी, सारखीच घाई, आणि हक्क मात्र वेगळे.

कंपन्यांनी आपली तजवीज आधीच मागितली होती, हेही विसरू नये. फायझर आणि मॉडर्ना यांनी भारतात येण्यासाठी खटल्यांपासून संरक्षण मागितलं. तसं संरक्षण सगळ्याच उत्पादकांना हवं असं कोविशील्ड बनवणाऱ्या सिरमच्या अदर पूनावालांनीही सुचवलं होतं. सरकारनं ते दिलं नाही, चांगलं केलं. उत्पादकाच्या भीतीवर निदान मंत्रालयात चर्चा तरी झाली. टोचून घेणाऱ्याच्या भीतीचा विषय कोणत्या बैठकीत आला होता?

हा प्रश्न कोविडनं जन्माला घातलेला नाही. पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही गोंयकाराला विचारा, कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. ती सेंपलची लस, मेंढीच्या मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली. डेव्हिड सेंपलनं 1911 मध्ये कसौलीला विकसित केलेली. तिच्यामुळे काही हजारांत एखाद्याला मज्जासंस्थेचा गंभीर विकार होई, काही जण अर्धांगवायूनं कायमचे अधू होत. हे डॉक्टरांना दशकानुदशकं ठाऊक होतं. तरी पेशीसंवर्धनातल्या सुरक्षित पण महाग लशी आल्यावरही आपल्याकडे ती 2004 अखेरपर्यंत चालू राहिली. रेबीज झालेला माणूस वाचत नाही, म्हणून लस देणं बरोबरच होतं. पण जे अधू झाले ते कोणत्याही यादीत नाहीत. तीच गत तोंडानं द्यायच्या पोलिओ डोसाची. त्यातला दुबळा केलेला विषाणू लाखो मात्रांमागे एखाद्या बाळाला खरोखरचा पोलिओ देतो. इथं तर वादाला जागाच नाही, बाळाच्या शौचाच्या नमुन्यातून विषाणू लशीचा की रानटी हे प्रयोगशाळा सांगते. जानेवारी 2011 नंतर देशात रानटी पोलिओ सापडला नाही, 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या यशाचं मोल ज्या बाळांनी पायांनी मोजलं, त्यांच्यासाठी सरकारी खात्यात वेगळा रकाना नव्हता. कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध असतानाही भरपाई नाही, यावरून कळतं की अडचण पुराव्याची कधी नव्हतीच.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. लस घेतल्यानंतर जे घडतं ते सगळं लशीमुळे घडत नाही. गावात एखादा तरुण फुटबॉल खेळताना कोसळला की संध्याकाळपर्यंत टिंटोवर, म्हणजे बाजाराच्या नाक्यावर, निकाल लागलेला असतो: लशीनं मारला. 2025 मध्ये कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात हृदयविकाराचे मृत्यू वाढल्याची चर्चा झाली तेव्हा खुद्द मुख्यमंत्र्यांनी लशीकडे बोट दाखवलं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं (आयसीएमआर) 18 ते 45 वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा अनेक राज्यांत अभ्यास करून 2023 मध्ये निष्कर्ष छापले होते: लशीमुळे अशा मृत्यूचा धोका वाढलेला दिसत नाही, मृत्यूआधीच्या 48 तासांतलं बेसुमार मद्यपान, कुटुंबातला पूर्वेतिहास, कोविडसाठी इस्पितळात दाखल व्हावं लागणं अशा गोष्टींचा संबंध दिसतो. ही माहिती टिंटोवर पोचलीच नाही. पोचली असती तरी, 'सरकार असंच म्हणणार' यापुढे ती गेली नसती.

उलट बाजूनं, कोविशील्डमुळे अतिशय दुर्मीळ प्रसंगी रक्तात गुठळ्या होऊन बिंबाणू (प्लेटलेट) घटतात, हे खरं आहे. मे 2021 मध्ये लसीकरणानंतरचे दुष्परिणाम तपासणाऱ्या आपल्या राष्ट्रीय समितीनं 26 प्रकरणं नोंदवली, दर दहा लाख मात्रांमागे 0.61. युरोपातले आकडे याहून बरेच जास्त होते. फेब्रुवारी 2024 मध्ये ही लस मुळात विकसित करणाऱ्या अ‍ॅस्ट्राझेनेकानं ब्रिटिश न्यायालयात हे लेखी मान्य केलं. एप्रिलअखेर ती बातमी इथं आली तेव्हा निवडणुकीचा हंगाम होता, आणि घराघरात रक्ततपासणीच्या चौकशा सुरू झाल्या. तीन वर्षांपूर्वी आपल्याच समितीनं सांगितलेली गोष्ट लोकांना लंडनहून कळली. लस घेऊन तीन वर्षं झालेल्याला या गुठळ्यांची भीती बाळगण्याचं कारण नव्हतं, कारण हा त्रास होतो तो पहिल्या काही आठवड्यांत. पण हे सांगायला लोकांचा विश्वास असलेली एखादी जागा लागते.

म्हणून मला भरपाईची व्यवस्था हवी आहे ती 'हो' म्हणण्यासाठी जितकी, तितकीच 'नाही' म्हणण्यासाठी. अमेरिकेत लशीमुळे स्वमग्नता होते असे हजारो दावे आले. त्याच भरपाईच्या न्यायालयानं निवडक प्रकरणांत दोन्हीकडचे तज्ज्ञ ऐकले आणि 2009 मध्ये ते सविस्तर कारणं देऊन फेटाळले. जी संस्था इतरांना पैसे देते, तिचा नकार सरकारी खुलाशापेक्षा जड असतो. आपल्याकडे असा नकार देणारं कोणी नसलं की काय होतं, ते 2010 मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात दिसलं. मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची, लस देण्याच्या प्रकल्पात सात मुली दगावल्या. मृत्यू लशीमुळे नव्हते, असं चौकशीत निघालं; एक बुडून गेली होती, एकीला साप चावला होता. पण वसतिगृहाच्या अधीक्षकांनी पालकांच्या जागी संमतीवर सह्या केल्या होत्या, विम्याची सोय धड नव्हती, आणि संसदेच्या समितीनं 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. पुढची कित्येक वर्षं ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात येऊ शकली नाही. लस निर्दोष होती, व्यवस्था निर्दोष नव्हती, आणि किंमत मोजली त्या लशीनं वाचल्या असत्या त्या बायकांनी.

लस टोचणाऱ्या एएनएमबद्दल, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेबद्दल, तर या चर्चेत कोणी बोलतच नाही. जानेवारी 2022 मध्ये आपल्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात गोवर-रुबेलाची लस दिल्यानंतर तीन बाळं दगावली. लस नियमाप्रमाणे साठवली नव्हती असं प्राथमिक चौकशीत पुढे आलं; परिचारिका आणि औषधनिर्माता निलंबित झाले. तिथं चूक होती, कारवाई व्हायलाच हवी होती. पण जिथं चूक नसते तिथंही आपल्याकडची पहिली हालचाल हीच: टोचलं कोणी ते शोधा. कुटुंबाला पैसे मिळण्याचा एकमेव मार्ग कोणाचा तरी गुन्हा सिद्ध करणं हा असेल, तर राग सर्वांत जवळच्या माणसावर निघणार. ती उपकेंद्रातली बाई असते, गावातच राहणारी, दुसऱ्या दिवशी त्याच वाड्यावर जाणारी. तिनं गंभीर प्रतिक्रिया प्रामाणिकपणे नोंदवावी अशी आपली अपेक्षा, आणि नोंदवली की चौकशी तिचीच. मग नोंदी कमी होणार, यात आश्चर्य ते काय? चूक आणि भरपाई यांची फारकत झाली की ती निर्धास्तपणे फॉर्म भरेल. लशींच्या सुरक्षिततेची माहिती सुधारायची असेल तर याहून स्वस्त उपाय मला दिसत नाही.

स्वस्त म्हटलं, तर पैशांचाही हिशेब करू. केंद्रानं 2022 च्या त्याच प्रतिज्ञापत्रात दिलेले आकडे घ्या: 219.86 कोटी मात्रा, त्यानंतरच्या गंभीर घटना, मृत्यू धरून, 2,782. यातल्या बहुसंख्य घटना लशीमुळे झालेल्या नसतील. तरी समजा, डोळे मिटून प्रत्येकाला 10 लाख दिले. होतात 278 कोटी. लशीसाठी 2021 च्या अर्थसंकल्पात तरतूद होती 35,000 कोटींची. रुपयामागे एक पैसासुद्धा नाही. नोंदी अर्धवट आहेत म्हणाल तर आकडा चौपट करा. चार पैसेही होत नाहीत. तिजोरी रिकामी होईल हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा ही गुणाकाराची पाटी पुसून पुन्हा मांडावी.

एक आक्षेप मात्र मला टोचतो. असा निधी झाला की कंपन्या मोकळ्या सुटतील. अमेरिकेत बऱ्याच अंशी तसं झालं. 2011 च्या निकालानं लशीच्या रचनेतल्या दोषासाठी कंपनीवर दावा करण्याची वाट बंद झाली. आपण ते उचलू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या वर्गवारीनुसार आपल्या समित्या काम करतात, तिच्यात लशीच्या अंगच्या गुणामुळे झालेली इजा, उत्पादनाच्या दर्जातल्या दोषामुळे झालेली, टोचण्यातल्या चुकीमुळे झालेली आणि सुईच्या भीतीनं आलेली घेरी असे वेगळे कप्पे आहेतच. पहिल्या कप्प्यातली भरपाई निधीनं सोसावी. दर्जातल्या दोषाची भरपाई निधीनं कुटुंबाला ताबडतोब द्यावी आणि मग कंपनीकडून वसूल करावी. सरकार कंपनीशी भांडू शकतं, सांग्याचं कुटुंब नाही. 2020 च्या नोव्हेंबरात चेन्नईच्या एका चाचणी-स्वयंसेवकानं 5 कोटींची मागणी केली, तर सिरमनं त्यालाच 100 कोटींहून अधिक रकमेच्या दाव्याचा इशारा दिला होता. त्याचा दावा बरोबर होता की चूक, यात मी शिरत नाही. एकट्या माणसानं बलाढ्य उत्पादकापुढे उभं राहण्याचा अर्थ काय, एवढं त्यातून समजतं.

ब्रिटनचीही सगळी पद्धत घेऊ नये. तिथं 60 टक्के अपंगत्व आलं तर 1,20,000 पौंड, 59 टक्के आलं तर शून्य. हात गमावलेल्या गवंड्याला टक्केवारीच्या एका रेषेवरून परत पाठवणं म्हणजे न्याय नव्हे.

केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला लसीकरणानंतरचे मृत्यू ओळखण्यासाठी आणि भरपाईसाठी मार्गदर्शक तत्त्वं करायला सांगितली होती. न्यायालयं असं सांगू शकतात. पण तक्ता, निधी आणि न्यायाधिकरण हे अखेर विधिमंडळाचं काम आहे. सार्वजनिक आरोग्य राज्यघटनेनं राज्यांकडे दिलेलं आहे. पर्वरीच्या विधानसभेतल्या चाळीस आमदारांना हा कायदा करता येतो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत 2016 पासून हे राज्य चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला चार लाखांपर्यंत उपचारांचं छत्र देत आहे, म्हणजे कार्ड, यादी, इस्पितळांचं जाळं सगळं तयार आहे. लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास. इथं वर्षाला कदाचित एकही गंभीर दावा मान्य होणार नाही. लहान राज्यानं प्रयोग करावा तो याचसाठी.

आणि गोव्याला याची गरज कोविडपुरती नाही. 2015 पासून सत्तरी तालुक्यात गोचिडींतून पसरणाऱ्या माकडतापानं माणसं दगावली. काजूच्या हंगामात रानात जाणारे, सरपण आणणारे, गुरं राखणारे असेच बहुतेक. कर्नाटकात बनणारी जुनी लस पुरेशी गुणकारी नाही म्हणून थांबवावी लागली. नवी लस घडवण्याचं काम आयसीएमआरच्या पुढाकारानं चालू आहे. ती येईल तेव्हा पहिले दंड पुढे होतील ते याच लोकांचे. फार थोडे लोक, फार नवी लस, आणि दुर्मीळ दुष्परिणाम काय असतील हे काही लाख मात्रा दिल्याशिवाय कोणालाच कळणार नाही.

तेव्हा ती येण्याआधी कायदा असावा. संमतीच्या कागदावर, मराठीत आणि कोंकणीत, इजा झाल्यास काय मिळेल आणि कुठे मागायचं हे छापलेलं असावं. अर्ज वाळपईच्या इस्पितळातच देता यावा. निर्णय ठरलेल्या मुदतीत, कारणांसह लेखी मिळावा. समितीचा अहवाल माहिती अधिकारात मागावा लागू नये. उपचारांचा खर्च निर्णयाची वाट न पाहता सुरू व्हावा. आणि अर्जावर घरच्या माणसाच्या सहीखाली, ज्या आरोग्यसेविकेनं लस टोचली तिचीही सही असावी, साक्षीदार म्हणून.